तास होतो, पण कळत काहीच नाही

पत्र : मॅडम, मी सांगलीजवळच्या एका छोट्या विद्यापीठात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे. आमचं सगळं विद्यापीठ एकाच आवारात आहे, वर्गात २८ जण. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे सर पीपीटी लावून वाचून दाखवतात, शंका विचारली की "ते पुढे येईल" म्हणतात. प्रॅक्टिकलला एका ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायची नळाची काचनळी) पाच जण असतो, म्हणून रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतो. फिजिकल केमिस्ट्रीला तासिका तत्त्वावरचे एक सर येतात, ते खूप छान शिकवतात, पण तास संपला की गाडी काढून दुसऱ्या कॉलेजला जातात. पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाच माहीत नाही. मला पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास मिळाला. पण मार्क पडतात ते अपेक्षित प्रश्न पाठ केल्यामुळे. खरं तर मला काहीच येत नाही. शनिवारी दुपारी हॉस्टेल रिकामं होतं, मग फार एकटं वाटतं. माझी बारावीची मैत्रीण पुण्याला आहे, ती म्हणते इकडे ये. मी पुण्याला जाऊ का? इथे तक्रार केली तर इंटर्नलला मार्क कापतील का? बाबा म्हणतात, डिग्री निघू दे, बाकीचं सोड. (एक विद्यार्थिनी, सांगली)

प्रिय मुली,

आधी तुझ्या प्रश्नांची थेट उत्तरं देते. पुण्याला आत्ता जाऊ नकोस. तक्रार जरूर कर, पण ती सरांच्या स्वभावाबद्दल करू नकोस. किती तास झाले आणि किती ब्युरेट आहेत, याबद्दल कर. आणि बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

मी साताऱ्यात बरीच वर्षं बी.एस्सी.च्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट मला वेगळीच वाटते. पीपीटी वाचून दाखवणाऱ्या सरांवर उपाय निघतो, पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत. उतरवलेल्या रीडिंगवर मात्र कुठलाच व्हिडिओ चालत नाही. हातात ब्युरेट न धरता रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलं मी मुलाखतींना बसलेली पाहिली आहेत. कुपवाडच्या एमआयडीसीतली छोटी कंपनी असो की पुण्यातली मोठी औषध कंपनी, क्वालिटी कंट्रोलमध्ये पहिला प्रश्न हाच असतो : टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण सोडून पदार्थाचं प्रमाण मोजणं) कर म्हटलं तर तुझी दोन रीडिंग जुळतील का? म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पाच जणांत एक ब्युरेट म्हणजे एक जण नळ फिरवतो, एक लिहितो आणि तिघं उभी राहतात. हे बदलायला नवा निधी लागत नाही. तुमची बॅच दोन भागांत करा, अर्ध्यांनी टायट्रेशन करायचं, अर्ध्यांनी त्या वेळात वजनं करून द्रावणं बनवायची, मग अदलाबदल. हे विभागप्रमुखांना सुचवायला तुम्हाला कुणाची भीती वाटायचं कारण नाही, कारण यात कुणाविरुद्ध काही नाही. दुसरं म्हणजे, लॅबमध्ये जे काका असतात, परिचर किंवा सहायक, त्यांच्याशी नीट ओळख कर. कुठली ब्युरेट गळते, कुठला तराजू बरोबर चालतो, दुपारी तीननंतर लॅब कधी रिकामी असते हे सगळं त्यांना माहीत असतं. एखाद्या शिक्षकाची लेखी परवानगी घेऊन त्या रिकाम्या वेळात जादा प्रॅक्टिकल करता येतं. पाचशे मुलांच्या कॉलेजात हे जवळपास अशक्य असतं. तुमच्यासारख्या छोट्या आवारात ते शक्य आहे, आणि तुझ्या विद्यापीठाचा हा मोठा गुण तुला अजून दिसलेला नाही असं मला वाटतं.

आणि त्या जादा वेळात जर्नलमधलाच प्रयोग पुन्हा करत बसू नकोस. पुढच्या वेळी गावाहून येताना बोअरचं पाणी बाटलीत घेऊन ये. हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो त्यामागचा पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, तुला ईडीटीए या रसायनाच्या टायट्रेशनने मोजता येतो. अमोनियाचा बफर घालून पीएच १० च्या आसपास ठेवायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक टाकायचा, आणि वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. पहिलं रीडिंग अंदाजाचं. मग दोन रीडिंग ०.१ मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत करत राहायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमच्या बोअरचा आकडा किती येतो ते बघ. मग तेच पाणी हॉस्टेलच्या नळाच्या पाण्याशी ताडून बघ. हा आकडा मागच्या वर्षीच्या कुणाच्या जर्नलमध्ये नसेल, त्यामुळे तो उतरवता येणार नाही.

सांगलीत राहून रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला विषय शोधत लांब जावं लागत नाही. मार्केट यार्डातून मूठभर हळद आण. थोड्या अल्कोहोलमध्ये ढवळून गाळ, सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर ठिपका दे आणि क्लोरोफॉर्ममध्ये थोडं मेथॅनॉल मिसळून त्यात उभी कर. हे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये), सरांच्या देखरेखीत करायचं. एका पिवळ्या ठिपक्याचे तीन होतात. सगळ्यात वरचा कर्क्युमिनचा, खालचे दोन त्याच्याच भावंडांचे, एकेक मेथॉक्सी गट कमी झालेले. ध्रुवीयता हा शब्द तू परीक्षेत लिहिला असशील. इथे ती डोळ्यांना दिसते. राजापुरी हळद आणि सेलम हळद शेजारीशेजारी ठेव आणि ठिपक्यांचा फरक बघ.

आणि तुझ्या घरी तर त्याहून मोठी प्रयोगशाळा आहे. बेदाणा करताना द्राक्षं कशात बुडवतात हे बाबांना विचार. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, बरोबर? त्या तेलात मुख्य असतं इथाइल ओलिएट, म्हणजे एक एस्टर, जो तुझ्या ऑरगॅनिकच्या अभ्यासक्रमात आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. ही प्रक्रिया केली की त्या थराची अडवणूक कमी होते आणि मणी लवकर सुकतो. आता हे प्रश्न वहीत लिही : द्रावण अल्कधर्मी का हवं? कार्बोनेट जास्त झालं तर एस्टरचं काय होईल? तेल पाण्यात विरघळत नाही, मग द्रावण दुधासारखं का दिसतं? हे तीन प्रश्न घेऊन ऑरगॅनिकच्या सरांच्या केबिनमध्ये जा.

वर्गात, सगळ्यांसमोर, "सर, कळलं नाही" म्हणणं आणि केबिनमध्ये लिहून आणलेले तीन प्रश्न पुढे ठेवणं यात फार फरक आहे. पहिल्यात शिक्षकाला आपल्या शिकवण्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात त्याच्यातला विद्यार्थी जागा होतो. सगळ्यांचा होतो असं मी म्हणणार नाही. काही जणांनी वाचणं केव्हाच सोडलेलं असतं आणि त्यांना प्रश्न नकोच असतो. पण बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं कुणी खरा प्रश्नच विचारलेला नसतो, सगळी मुलं "सर, हे परीक्षेला येईल का" एवढंच विचारतात. त्यांनी "उद्या सांगतो" म्हटलं तर उद्या जा. तीनदा जाऊनही काही मिळालं नाही, तर तुला तुझं उत्तर मिळालं. मग त्या विषयापुरतं पुस्तक आणि एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम) यांच्यावर भिस्त ठेव. 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सेंद्रिय रसायनाचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात, परीक्षा द्यायची तरच शुल्क पडतं.

पीपीटी वाचणाऱ्या शिक्षकाचं समर्थन मी करत नाही. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, एका माणसावर नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, प्रवेश, परीक्षा, कार्यक्रमांचे अहवाल असं सगळं येऊन पडतं, हे खरं आहे. तरीही तासाला उभं राहिल्यावर त्या पन्नास मिनिटांवर हक्क तुमचा आहे.

फिजिकलच्या सरांची गोष्ट वाचून मात्र मला वाईट वाटलं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासापुरतेच पैसे मिळतात. सुट्टीचा पगार नाही, आणि दर वर्षी नेमणूक नव्याने. नेट-सेट झालेली, काहींची पीएच.डी. झालेली ही माणसं दोन-दोन, तीन-तीन कॉलेजं सांभाळतात. तास संपल्यावर ते गाडी काढतात ते तुमच्यापासून पळायला नाही. म्हणून त्यांना थांबवून ठेवू नकोस, त्यांनी चालेल म्हटलं तर आठवड्याचे प्रश्न एकत्र करून पाठवा. आणि त्यांच्यासाठी तुम्हाला एक काम करता येईल, जे सहसा कुठलेच विद्यार्थी करत नाहीत. सेमिस्टर संपायच्या आत विभागप्रमुखांना आणि कुलसचिवांना सह्यांचं पत्र द्या, की या सरांचं शिकवणं आम्हाला समजतं, अमुक घटक त्यांनी असा शिकवला, त्यांना पुढच्या वर्षीही घ्यावं. नेमणूक तुमच्या पत्रावर होत नाही हे मला ठाऊक आहे, तिची जाहिरात, मुलाखत, मंजुरी सगळं वेगळं असतं. पण निवड करणाऱ्यांच्या टेबलावर विद्यार्थ्यांचं एक लेखी मत असणं आणि नसणं यात अंतर आहे. वाईटाबद्दल लिहायला सगळे तयार असतात. चांगलं शिकवणाऱ्याची कागदावर कुठेच नोंद होत नाही, आणि मग तो माणूस एखाद्या क्लासमध्ये निघून जातो.

आता तक्रारीबद्दल. एक साधी वही कर. तारीख, विषय, तास झाला की नाही, काय शिकवलं, एवढंच. शेरे लिहू नकोस. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेले असतात. म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरचे ३० तास व्हायला हवेत. तुझ्या वहीत १७ भरले तर तो आकडाच बोलतो, तुला आवाज चढवावा लागत नाही. "सर नीट शिकवत नाहीत" या वाक्यावर वाद होतो. "३० पैकी १७ तास झाले, प्रॅक्टिकलच्या १० पैकी ४ प्रयोगांना स्वतंत्र रीडिंग घेता आलं नाही" यावर कुणाला वाद घालता येत नाही.

पत्र एकटीने देऊ नकोस. २८ पैकी निम्म्यांनी तरी सही केली पाहिजे, आणि मुलं-मुली दोन्ही असावीत. पहिलं पत्र विभागप्रमुखांना. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ही पोच जपून ठेव, पुढे सगळं तिच्यावर चालतं. पंधरा दिवस वाट बघा. काहीच हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे ती प्रत्येक संस्थेत असावी लागते. माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या सोयी न मिळणं आणि मूल्यमापनात अपारदर्शकपणा असणं, या दोन्ही गोष्टी तिच्या कक्षेत येतात. तेव्हा प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका काढून बघ, 'सुसज्ज प्रयोगशाळा' हे शब्द त्यात नक्की सापडतील. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशी द्यायच्या असतात. तुमचं समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशा दर्जाची व्यक्ती असते. बहुतेक वेळा गोष्ट एवढी लांबत नाही. आकडे असलेलं, सह्यांचं आणि आवक क्रमांकाचं पत्र आलं की दुसऱ्या आठवड्यात ब्युरेट निघतात.

इंटर्नलची तुझी भीती मी उडवून लावणार नाही. छोट्या आवारात सगळे सगळ्यांना ओळखतात, सही कुणाची हे कळतं, आणि मनात धरणारी माणसंही असतात. म्हणूनच सामूहिक पत्र, म्हणूनच व्यक्तीचं नाव न घेता तासांचा आणि साहित्याचा हिशोब. शिवाय आत्तापासून प्रत्येक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला माग, सेमिनार-असाइनमेंटचे गुण लगेच विचारून वहीत लिहून ठेव. सेमिस्टरच्या शेवटी एकदम कमी गुण दिसले तर दाखवायला तुझ्याकडे कागद असेल. आणि नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण तुझ्या मेलवर आलं तर सगळीकडे सर्वात वरच्या चार-चार गुणांवर टिक करू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. त्यातला पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवला गेला असा होता. तुझ्या वहीत उत्तर आहे.

पुण्याबद्दल. दुसऱ्या वर्षात बदली म्हणजे तिकडे जागा रिकामी हवी, विषयांची जोडी जुळायला हवी, क्रेडिट बँकेत तुझी क्रेडिट जमा असली तरी ती कशाच्या बदल्यात धरायची हे नवं विद्यापीठ ठरवतं. यात एक वर्ष जायची शक्यता असते. खोली, मेस, प्रवास वेगळा, आणि यंदा बागेचं काय झालं आहे ते तुलाच माहीत. एवढं करून तू शंभर-सव्वाशेच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसशील. तिथलेही काही सर पीपीटी वाचतात. तुझी मैत्रीण खोटं बोलत नाही. तिला पुणं आवडलं आहे आणि तिला तू हवी आहेस, एवढंच.

पण तिसऱ्या वर्षानंतर मात्र तुझ्या आत्ताच्या विद्यापीठात राहू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची ऑनर्सची सोय आली आहे, तुझे शिक्षक कदाचित आग्रह करतील. जिथे दुसऱ्या वर्षाला ब्युरेट पुरत नाहीत तिथे संशोधनाचं चौथं वर्ष काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांची पदवी घे आणि एम.एस्सी.ला बाहेर पड : कोल्हापूर, पुणे, मुंबई, किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. जॅमची परीक्षा फेब्रुवारीत असते, तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते, आणि अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका आत्ताच उतरवून घे. एकही प्रश्न पाठांतरावर सुटणार नाही, आणि तुला 'येत नाही' ते नेमकं काय, हे पहिल्यांदा कळेल. सगळंच येत नाही असं कधीच नसतं.

शनिवार दुपारबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, पण ते मी वाचलं. हॉस्टेलवर आणखी कोण कोण राहतं याची यादी कर, लांबच्या जत-आटपाडीच्या मुली बहुधा राहतच असतील. त्यांच्यातल्या दोघी-तिघी घेऊन रिकाम्या वर्गात फळा धरा आणि जॅमचे पाच प्रश्न सोडवा. एकीने दुसरीला शिकवायचं. रविवारी मात्र आवाराच्या बाहेर पड. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन भोपळ्याची सतार कशी होते ते बघ, कृष्णेच्या घाटावर बस. महिन्यातून एकदा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसून वाचायची काय सोय आहे ते विचारून ये. आणि एकटेपणा झोपेवर, जेवणावर यायला लागला तर थांबू नकोस, रेक्टर मॅडमना किंवा घरी लगेच सांग.

राहिले बाबा. डिग्री निघायलाच हवी, तिच्याशिवाय पुढचं कुठलंच दार उघडत नाही, म्हणून त्यांचं अर्धं बरोबर म्हटलं. पण त्यांना तुझ्या अभ्यासक्रमात काय असतं हे बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत बोअरच्या पाण्याचा आकडा आणि डिपिंगचे तुझे तीन प्रश्न त्यांच्यासमोर ठेव. कार्बोनेट किती घालायचं यावर त्यांचं स्वतःचं मत असेल, ते आधी पूर्ण ऐकून घे, लिहून घे. एम.एस्सी.च्या खर्चाचं बोलणं त्याच्यानंतर काढ.